बाईंचा पेचकस

आमच्या ऑफिसात एकाही दाराला आतून कडी नव्हती. ऑफिस नंदुरबारला, कुठलं ते सांगत नाही, कारण माझी एक फाइल अजून तिथे पडून आहे. पूर्वी कड्या होत्या. आस्थापना शाखेतल्या बाईंनी त्या एकेक करून काढल्या. त्यांच्या पर्समध्ये बडीशेपेची डबी, चष्म्याचं घर आणि लाल मुठीचा एक पेचकस कायम असायचा. दुपारचा डबा खाऊन झाला, की बडीशेप चघळत त्या एखाद्या दारापाशी जायच्या, चार स्क्रू सोडवायच्या आणि कडी पर्समध्ये टाकून परत खुर्चीवर. साहेबांच्या केबिनचीही गेली. साहेब नवीन होते, त्यांना वाटलं वरून काही परिपत्रक आलं असेल. बाथरूमच्या कडीपर्यंत प्रकरण पोचलं तेव्हा मात्र कर्मचाऱ्यांनी लेखी निवेदन दिलं. त्यावर बाईंनी स्वतःच्या अक्षरात शेरा मारला, "मागणी रास्त आहे. तथापि आत असलेल्याने मोठ्याने गाणे म्हणावे." आमचे लेखापाल आठवडाभर आत बसून आरत्या म्हणत होते. मग ती एक कडी परत बसली.

बाईंना सगळे नुसतं बाई म्हणायचे. उंच, सडपातळ, कडक इस्त्रीची साडी. तापीकाठच्या खात्यापित्या शेतकरी घरातल्या. लग्न केलेलं नव्हतं. का, असं कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "तालमी चालू होत्या."

त्यांच्याकडे दोन भाषा होत्या. फाइलवर त्या असं मराठी लिहायच्या, की वाचताना माणसाने उभं राहावं. फाइल मिटली की अहिराणी. आणि ऑफिस सुटल्यावर त्या वर्षानुवर्षं एकच नाटक बसवत होत्या, सगळं संस्कृत शब्दांनी ठासून भरलेलं, पण तालमीतल्या सूचना अहिराणीतून. "प्राणनाथ म्हनताना तोंड असं काय करस? कडू काढा पेनी का तू?" असं दिग्दर्शन मी आयुष्यात पुन्हा ऐकलं नाही.

नाटक जुनं. शंभरेक वर्षांपूर्वी कुणा वकिलाने लिहिलेलं, तीन अंकी. पहिले दोन अंक राजा, लढाई, कारस्थानं, आणि कारण नसताना पोपट. सगळा जीव तिसऱ्या अंकात. राजाने राणीला टाकलंय. ती महालाच्या बंद दाराशी येऊन उभी राहते आणि वीस मिनिटं एकटी बोलते. समोर दुसरं पात्र नाही, गाणं नाही, नुसतं दार. ती विनवते, भांडते, हसते, जुन्या गोष्टी काढते. दार उघडत नाही. मग पाठ फिरवून जाता जाता शेवटचं वाक्य बोलते, "हे द्वार उघडले नाही म्हणून मी जात नाही. मी जाते आहे, म्हणून आता हे उघडून उपयोग नाही." पडदा.

असं म्हणतात, की त्या काळच्या भल्याभल्या नट्या या भूमिकेपुढे गार पडल्या. आमच्या गावात तर ती कुणाला पूर्ण करताच आली नव्हती. बाईंनी आधी पाच राण्या तयार केल्या होत्या. पहिली लग्न होऊन सुरतेला गेली. दुसरीला जुळं झालं. तिसरीची बदली धडगावला झाली, आणि तालमीसाठी रोज घाट उतरून कोण येणार? चौथी नगरसेविका झाली आणि म्हणाली, आता मला असं कुणाच्या दारात उभं राहणं शोभत नाही. पाचवी स्पर्धा परीक्षा पास झाली. तिचे पेढे खाताना बाईंचा चेहरा सुतकासारखा होता. पाचही जणी प्रयोगाच्या आधीच गेल्या. शेवटचं वाक्य रंगमंचावरून काही बोललं गेलं नाही.

सहावी मी. माझी निवड कूलरपाशी झाली. भर एप्रिलमध्ये कूलरमध्ये पाणी नव्हतं म्हणून मी शिपायावर खेकसले. पलीकडच्या शाखेतून बाई धावत आल्या. मला वाटलं, आता शिस्तीवर व्याख्यान. तर त्या माझ्या पोटाकडे बघत होत्या.

"तुन्हा आवाज पोटमाथीन येस," त्या म्हणाल्या. "बाकीसना गळामाथीन येस. आज पाच वाजता चाल मन्हासंगे."

कुठे, ते सांगितलं नाही. नेलं थेट मिरचीच्या पथारीवर. गावाबाहेर मैदानभर लाल मिरची वाळत पसरलेली, आणि बायका ओळीने बसून देठ खुडतायत. उन्हं उतरत होती तरी हवेत असा ठसका, की मी दोन पावलांत शिंकायला लागले. मैदानाच्या मधोमध दोन पोत्यांच्या आधाराने एक जुनं सागवानी दार उभं केलेलं होतं. नुसतं दार. ना भिंत, ना छप्पर. त्याला मात्र कडी होती, जाड पितळी, आणि ती घासून लख्ख केलेली.

"आठे बोलाले शिक," बाई म्हणाल्या. "आठे बोलता आलं, की कुठेही बोलता येतं."

माझं पहिलं वाक्य होतं, "द्वारपाला, मी याचक नव्हे, मी या द्वाराची पहिली सावली आहे." मी "द्वार" म्हटलं आणि खोकले. "पाला" म्हटलं आणि पुन्हा खोकले. महिनाभर राणीची मजल खोकल्यापलीकडे गेली नाही. पण बाईंची युक्ती बिनचूक होती. गळ्यातून बोललं की ठसका लागायचा, पोटातून बोललं की लागत नव्हता. दुसऱ्या महिन्यात माझी वीस मिनिटं सलग निघाली आणि देठ खुडणाऱ्या बायका हात थांबवून ऐकायला लागल्या. त्यांच्यातल्या जमनाबाईला गोष्ट सुरुवातीपासून पटलेली नव्हती. एकदा मी डोळ्यांत पाणी आणून दाराला विनवत असताना ती मिरचीच्या ढिगाआडून ओरडली, "बाजूथीन जाय ना व! सगळी जागा मोकळीच शे!"

मी हसले. बाई हसल्या नाहीत. त्या जमनाबाईकडे वळून म्हणाल्या, "तुले ती मोकळी जागा दखास व माय. तिले नही दखात."

राजाचं काम अक्कलकुव्याचे एक कापडवाले शेठ करायचे. मारवाडी गृहस्थ, प्रेमळ, पोट राजाचं आणि भाषा तीन राज्यांची. पोशाखाचं कापड त्यांच्या दुकानातलं, म्हणून राजाही त्यांच्याच दुकानातला. तिसऱ्या अंकात त्यांनी दारामागे नुसतं उभं राहायचं, हे त्यांच्या जिवाला लागलं होतं. एक दिवस ते म्हणाले, "बाई, छेल्ला टाइमला मी उघडतो ने दार. थोडाच. राणी पण खुश, पब्लिक पण खुश."

बाईंनी चष्मा काढला. तो काढला की समजायचं, आता कुणाची तरी खैर नाही.

"शेठ," त्या फाइलच्या मराठीत म्हणाल्या, "ते दार शंभर वर्षांत उघडलेलं नाही. ज्या दिवशी उघडेल त्या दिवशी नाटक मेलं. पुन्हा हा विषय काढाल तर राजा बदलला जाईल."

शेठनी विषय काढला नाही. मला त्यांची दया आली, पण पटलं बाईंचंच. मी नाटकातली काही जाणकार नव्हे, तरी उघडणाऱ्या दारासाठी वीस मिनिटं कुणी बोलणार नाही एवढं मलाही कळत होतं.

मला बाई सारखं सांगायच्या, "दारकडे देखू नको. कडीकडे देख." शेवटी एकदा मी वैतागून विचारलं, कडीत एवढं आहे काय? बायका घरी गेल्या होत्या. बाई पोत्यावर टेकल्या, बडीशेप तोंडात टाकली आणि काल बाजारात काय घेतलं ते सांगावं तशा सुरात सांगायला लागल्या.

त्या एकोणीस वर्षांच्या असताना कॉलेजने हेच नाटक घेतलं होतं. राणी त्याच. प्रयोगाच्या दिवशी दुपारी वडिलांनी त्यांना खोलीत घातलं. "मन्हा बापनी बाहेरथीन कडी लाई दिन्ही. मारं नही, बोलना नही. कडी लाई आन वावरमा निंघी गया." संध्याकाळ झाली, तिकडे पडदा उघडायची वेळ झाली, तेव्हा बाईंनी आतून त्या दाराला पहिलं वाक्य म्हटलं. मग दुसरं. सगळी वीस मिनिटं बोलल्या. गल्ली गोळा झाली. शेजारणी रडल्या म्हणे. आईने खिडकीतून चहा दिला, सोबत दोन बिस्किटं. कडी कुणी काढली नाही.

"आणि शेवटचं वाक्य?" मी विचारलं.

"ते नही बोलनू," बाई म्हणाल्या. "ते जाता जाता बोलायचं असतं. मी कोठे जाणार होते?"

मग उठून त्यांनी दाराची कडी पदराने पुसली आणि मला उद्या वेळेवर यायला सांगितलं. त्या दिवसापासून मला त्यांच्या पर्समधल्या कड्यांचं हसू आलं नाही. म्हणजे आलं, पण आधीसारखं नाही.

माझ्या घरीही सगळं सुतासारखं सरळ नव्हतं. सासूबाईंना नाटकाचं वावडं नव्हतं. त्यांना दाराचं होतं. "आमनी सून गावसमोर कोना तरी दारमा उभी राही रडी? आमनं घर काय म्हनी?" असं चार दिवस चाललं. नवरा दोघींच्या मध्ये वर्तमानपत्र वाचत बसायचा. बाईंना कळलं तशा त्या रविवारी आमच्याकडे जेवायलाच आल्या. सासूबाईंच्या हातचं वांग्याचं भरीत दोनदा मागून घेतलं, कळण्याच्या भाकरीची तारीफ केली, हात धुतले, आणि जाताना आमच्या खोलीच्या बाहेरची कडी काढून घेऊन गेल्या. बाई गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "ही बाई येडी शे का?" आणि थोड्या वेळाने, "मी काय तुले कोंडनार व्हतू का व?" त्यांचा आवाज खरोखरच दुखावलेला होता. प्रयोगाच्या दिवशी त्या पहिल्या रांगेत येऊन बसल्या.

पथारीवरच्या बायकाही आल्या होत्या, बाईंनी त्यांच्यासाठी मागची एक रांग राखून ठेवली होती. दार तेच, पथारीवरचं. रंगमंचावर ते बाईंनी स्वतः उभं केलं आणि तीच पितळी कडी आतल्या बाजूने स्वतः बसवली, चार स्क्रू, प्रत्येक स्क्रू दात आवळून. मग ओढून पाहिली. मग मला ओढायला लावली. मग शेठना. दार हललं नाही. मी विसरले तर आठवण करून द्यायला बाई त्याच दारामागे स्टुलावर बसणार होत्या, मांडीवर वही, हातात छोटी बॅटरी. शेजारी मुकुट घातलेले शेठ.

पहिले दोन अंक बरे झाले. पोपट पडला, पण लोकांना ते आवडलं. तिसरा अंक लागला आणि मी दाराशी जाऊन उभी राहिले. पहिलं वाक्य पोटातून गेलं आणि मला कळलं, आज निघणार. बाईंनी एकदाही वाक्य सुचवलं नाही, गरज पडली नाही. मी कडी असेल त्या जागी बघत बोलत होते. मधे कुठेतरी ती राणी बाजूला झाली आणि मला एकोणीस वर्षांची एक मुलगी दिसायला लागली, हातात चहाचा कप, बशीत दोन बिस्किटं. मी तिच्यासाठी भांडायला लागले. मग मागच्या रांगेतून जमनाबाईचा आवाज आला, खणखणीत.

"उघड ना रे दार, मुडदा!"

कुणी हसलं नाही. दोनचार बायका आणखी ओरडल्या, उघड, उघड. आणि पहिल्या रांगेतून, शप्पथ खरं सांगते, माझ्या सासूबाई, "उघड रे भाऊ, उघड!"

मी शेवटचं वाक्य बोलायला पाठ फिरवणार, एवढ्यात आतून खट् असा आवाज झाला. शंभर वर्षांत न उघडलेलं दार करकरत उघडलं. उंबऱ्यात राजा नव्हता. इस्त्रीची साडी, नाकावर चष्मा, एका हातात वही, दुसऱ्या हातात पेटलेली बॅटरी, अशा बाई उभ्या होत्या. त्यांचे डोळे मिरचीत बसल्यासारखे झाले होते.

"ये व माय," त्या म्हणाल्या. "मजार ये."

मी काय करणार? मी गेले आत. पडदा ओढणाऱ्याला काही सुचेना, मग त्याने पडदा ओढला. बाहेर टाळ्यांचा असा कडकडाट, की शेठ मुकुटासकट कोपऱ्यात सरकले. नंतर महिनाभर अक्कलकुव्यापर्यंत लोक त्यांना अडवून विचारत होते, शेठ, तुम्ही दार उघडलं का? आणि ते गळ्याची शपथ घेऊन सांगत होते, "मी तो हात पण नाय लावला!"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बाई वेळेवर हजर. आवक नोंदवत होत्या. मी जाऊन समोर उभी राहिले. मान वर न करता म्हणाल्या, "कडी ढिली होती."

मी म्हटलं, "बाई, चार स्क्रू..."

"ढिली होती. आणि तू शेवटचं वाक्य खाल्लंस."

मी खाल्लं! पस्तीस वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली त्याच्या तोंडावर ह्यांनी स्वतः दार उघडलं, आणि खाल्लं मी. त्या दिवशी मला त्यांचा इतका राग आला, की मी जाऊन बाथरूमला कडी लावून बसले आणि गाणंही म्हटलं नाही.

त्यानंतर चार वर्षांनी बाई निवृत्त झाल्या आणि शहाद्याला पुतण्याकडे राहायला गेल्या. पुतण्या वाईट नाही. नोकरी करणारा, सरळ माणूस. पण त्याच्या कॉलनीतल्या दोन फाटकांच्या कड्या गेल्या. मग बाई दोनदा बसस्टँडवर सापडल्या, धडगावच्या गाडीत बसलेल्या. तीन नंबरच्या राणीला शेवटचं वाक्य अजून येतं का ते विचारायला निघाल्या होत्या, असं त्यांनी कंडक्टरला सांगितलं. पुतण्या घाबरला. त्याने पेचकस काढून घेतला, आणि नवराबायको कामावर जाताना बाहेरून कडी घालून कुलूप लावायला लागली. हे सगळं त्याने मला फोनवर सांगितलं, आणि सांगताना दोनदा म्हणाला, "ताई, माझा नाइलाज आहे." मी त्याच्यावर ओरडले नाही. मला तो खराच वाटला. पण पुढच्या शनिवारी मी शहाद्याला गेले, आणि जाताना हार्डवेअरच्या दुकानात थांबले.

दुपारची वेळ होती. लाकडी दार उघडं, पण त्याच्या बाहेर जाळीचं दार, त्याला कडी, कडीला कुलूप. जाळीमागे खुर्ची टाकून बाई बसल्या होत्या. वाळल्या होत्या. साडीला मात्र इस्त्री होती. मला बघून त्यांनी आधी माझ्या हाताकडे पाहिलं.

"आनला का?"

मी पेचकस दाखवला. पिवळ्या मुठीचा, लाल मिळाला नव्हता. त्यांनी नाक मुरडलं. मी कडीच्या पहिल्या स्क्रूला भिडले आणि आतून दिग्दर्शन सुरू झालं.

"उलटा फिराव. उलटा! डावा हातले. जोर लाव ना व, हातमा जीव शे का नही? कडीकडे देख, मन्हाकडे काय देखी ऱ्हायनी?"

समोरच्या घरातली बाई मेथी निवडत ओट्यावर येऊन बसली. चौथा स्क्रू गंजलेला होता, त्याने दहा मिनिटं घेतली. मग कडी कुलपासकट माझ्या हातात आली आणि जाळीचं दार आपसूक उघडलं.

बाई उठल्या. चपला घातल्या. साडीच्या निऱ्या ठीक केल्या. उंबरा ओलांडून माझ्या शेजारून पुढे गेल्या, फाटकापाशी थांबल्या, आणि घराकडे पाठ ठेवूनच बोलल्या.

"हे द्वार उघडले नाही म्हणून मी जात नाही. मी जाते आहे, म्हणून आता हे उघडून उपयोग नाही."

मेथी निवडणाऱ्या बाईचे हात थांबले. मला रडू फुटलं, चांगलं हुंदके देऊन. पण सहा राण्यांच्या वतीने एक गोष्ट राहिली होती, ती मी डोळे पुसत म्हणून घेतली.

"बाई, आवाज गळ्यात आहे."

त्यांनी वळून पाहिलं. चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

"तुन्हा पुढे बोलनू ना, म्हनीसन," त्या म्हणाल्या. "चाल आते. धडगावनी गाडी तीनले शे."